गाडीचा गिअर लिव्हर तुटला? हजारोंचं बिल भरण्याआधी घरच्या घरी हे तपासा

जून २०२२ मध्ये फोर्ड कंपनीने अमेरिकेत जवळपास २९ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. एस्केप, फ्यूजन, एज, सी-मॅक्स, ट्रान्झिट कनेक्ट अशी मॉडेल्स त्यात होती. इंजिन ठणठणीत होतं, ब्रेक चांगले होते. दोष होता तो गिअरची केबल गिअरबॉक्सला जिथे जोडली जाते, तिथल्या एका छोट्याशा बुशमध्ये.

हा बुश खराब झाला किंवा निसटला की ड्रायव्हर लिव्हर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर ठेवायचा, पण गिअरबॉक्स पार्किंगला जायचाच नाही. हँडब्रेक न ओढता खाली उतरलं की गाडी घरंगळायचा धोका. कंपनीचा उपाय काय होता? बुश बदलायचा आणि त्यावर एक संरक्षक टोपण बसवायचं. बस्स.

आता आपल्याकडचा प्रसंग बघा. एके दिवशी गिअर टाकायला जावं तर लिव्हर भातातल्या पळीसारखा कुठेही फिरतो, गिअर काही पडत नाही. किंवा लिव्हरची मूठच हातात येते. पहिला विचार मनात येतो, "गिअरबॉक्स गेला!" मग टोइंग आलं, गॅरेज आलं, आणि "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" हे वाक्य आलं.

प्रत्यक्षात अशा अनेक तक्रारींमध्ये गिअरबॉक्सला काहीही झालेलं नसतं. बिघाड असतो तो लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या एखाद्या प्लास्टिकच्या किंवा रबराच्या तुकड्यात. तो तुकडा कुठला, हे घरी ओळखता येतं. काही वेळा तो घरीच बदलताही येतो. मात्र घरगुती दुरुस्ती कुठे थांबवायची, हे माहीत असणं तितकंच गरजेचं आहे.

लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत असतं तरी काय?

आपल्या हातात असतो तो दांडा आणि त्यावरची मूठ. त्याखाली चामड्याचं किंवा रेक्झिनचं कव्हर असतं, त्याला गिअर बूट म्हणतात. बुटाच्या खाली दांड्याचं टोक एका गोल सांध्यात बसलेलं असतं, म्हणून तो चारही बाजूंना हलतो. इथून पुढे मात्र गाडीगणिक रचना बदलते.

जीप, पिकअप किंवा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला असतो. मधे फारसं काही नसतंच.

मारुती ८०० सारख्या जुन्या छोट्या गाड्यांमध्ये लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी सळई जाते आणि तिच्या सांध्यांमध्ये बुश असतात.

आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांमध्ये दोन केबल असतात. एक केबल लिव्हरची डावी-उजवी हालचाल पोहोचवते, म्हणजे कुठल्या ओळीतला गिअर हवा ते ठरवते. दुसरी पुढची-मागची हालचाल पोहोचवते, म्हणजे प्रत्यक्ष गिअर टाकते. सायकलच्या ब्रेकची केबल फक्त ओढते, या केबल ओढतातही आणि ढकलतातही. दोन्ही टोकांना प्रत्येक केबल एका पिनवर किंवा छोट्या गोळ्यावर बसते आणि मधे असतो तो आपला बुश.

मुंबईकरांना आणखी एक प्रकार आठवेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा गिअर स्टिअरिंगच्या शेजारी होता. तिथून लोखंडी दांडे खाली गिअरबॉक्सपर्यंत जायचे. त्यातले सांधे झिजले की गिअर ढिला व्हायचा. गाडी जुनी असो की नवी, झीज सगळ्यात आधी सांध्यात होते.

आणि एएमटी गाड्यांचं काय? त्यातला लिव्हर दिसायला गिअरचा असला तरी काम करतो स्विचचं. तो संगणकाला सांगतो, गिअर बदलायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. त्यामुळे पुढच्या केबल-बुशच्या गोष्टी एएमटीला लागू होत नाहीत.

आधी तपासणी, मग हत्यारं

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक पूर्ण ओढा. चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा विटा लावा, कारण तपासताना गाडी न्यूट्रलला जाणार आहे. इंजिन बंद करा आणि चावी काढून घ्या. इंजिन गरम असेल तर तासभर थांबा.

पहिली चाचणी: इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. एखादा गिअर अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा, कारण कधीकधी आतले दाते समोरासमोर आलेले असतात. इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ पडतात, पण चालू केल्यावर पडत नाहीत किंवा कर्रकर्र आवाज येतो? मग लिव्हरला दोष देऊ नका. बिघाड क्लचचा असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चाचणी: लिव्हर कसा हलतोय ते हाताला जाणवू द्या. डावी-उजवीकडे अजिबात जोर लागत नाही, पण पुढे-मागे नीट हलतो आणि फक्त तिसरा-चौथा गिअर पडतो? बहुतेक गाड्यांमध्ये स्प्रिंग लिव्हरला तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत आणून ठेवते. म्हणून डाव्या-उजव्या हालचालीची केबल सुटली की हेच दोन गिअर उरतात. उलट, लिव्हर पुढे-मागे मोकळा फिरतो आणि एकही गिअर पडत नाही, तर दुसरी केबल सुटली आहे.

तिसरी चाचणी: यासाठी दोन माणसं लागतात. बॉनेट उघडा. गिअरबॉक्स बहुधा बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या डब्याखाली असतो. त्यावर दोन छोटे हात आणि त्यांना जोडलेल्या दोन केबल दिसतील. घरातल्या कुणालातरी आत बसवून लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही वरून बघा. इंजिन बंदच हवं.

आता तीन शक्यता आहेत.

केबलचं टोक हलतंय, पण गिअरबॉक्सचा हात हलत नाही: या टोकाचा बुश गेला.

केबलचं टोकच हलत नाही: बिघाड लिव्हरकडच्या टोकाला आहे, नाहीतर केबल आतून तुटली आहे.

केबल आणि हात दोन्ही व्यवस्थित हलतात, तरी गिअर पडत नाही: दोष गिअरबॉक्सच्या आत आहे. इथे घरगुती काम संपलं, मेकॅनिकला फोन करा.

एवढी तपासणी केली तरी निम्मं काम झालं. यापुढे गॅरेजमध्ये गेलात तरी "गिअर पडत नाही" असं म्हणण्याऐवजी "सिलेक्टर केबलचा गिअरबॉक्सकडचा बुश गेलाय" असं सांगता येईल. बिलात फरक पडतो तो इथेच.

बिघाड पहिला: मूठ सैल झाली किंवा हातात आली

हा सगळ्यात सोपा प्रकार. मूठ दोन पद्धतींनी बसवलेली असते. एक आट्यांची, म्हणजे फिरवून बसणारी. दुसरी दाबून बसणारी, जी सरळ वर ओढून निघते. दाबून बसणारी मूठ काढताना चेहरा बाजूला ठेवा. ती अचानक निघते आणि हात थेट हनुवटीवर बसतो.

आट्यांची मूठ सैल असेल तर आधी दांड्यावरचे आटे जुन्या टूथब्रशने साफ करा. मग नळाच्या कामाला वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा. मूठ ज्या दिशेने आवळली जाते त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर मूठ फिरवताना टेप गोळा होते. मग मूठ पुन्हा फिरवून बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ही टेप अगदी थोड्या पैशांत येते. टेपऐवजी मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर चालतं. कायमचं पकडणारं थ्रेडलॉकर मात्र वापरू नका, पुढे मूठ काढायची वेळ आली तर पंचाईत होते.

मुठीच्या आतले आटेच गेले असतील तर दोन भागांचं इपॉक्सी, म्हणजे अॅरल्डाइटसारखा चिकट पदार्थ कामाला येतो. दोन्ही भाग समप्रमाणात मिसळा, दांडा आणि मूठ दोन्हीकडचं तेल-ग्रीस पुसून टाका, मूठ सरळ बसवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. घाईत अर्ध्या तासात गिअर टाकला तर जोड तिथेच सुटतो.

नवी मूठ घ्यायची असेल तर दांड्याच्या आट्यांचं माप घ्या. एम ८, एम १० आणि एम १२ ही मापं नेहमी आढळतात. हा आकडा म्हणजे आट्यांची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये. व्हर्नियर नसेल तर जुनी मूठच दुकानात घेऊन जा.

तुमच्या गाडीत रिव्हर्स टाकायला मुठीखालची रिंग वर ओढावी लागते का? मग मूठ ओरबाडून काढू नका. रिंगला जोडलेली बारीक तार किंवा नळी तुटली तर रिव्हर्सच पडणार नाही, आणि दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होईल.

बिघाड दुसरा: बुश गेला

लिव्हर एकदम निर्जीव होतो त्याचं हे नेहमीचं कारण. बुश नायलॉनचा किंवा रबराचा असतो. इंजिनाची उष्णता, धूळ आणि ओलावा यांनी तो वर्षानुवर्षं कडक होत जातो आणि एक दिवस तडकतो. काही प्रकारचं प्लास्टिक उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की ठिसूळ होतं. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गाडीमालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

अडचण अशी की बऱ्याच कंपन्या हा बुश सुटा विकत नाहीत. त्यांच्या यादीत तो केबलचा भाग असतो आणि केबल पूर्ण घ्यावी लागते. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये "केबल बदला" हेच उत्तर मिळतं. ते खोटं बोलत नसतात, त्यांना तो भाग तसाच येतो. बाहेरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र अनेक मॉडेल्सचे सुटे बुश किंवा बुश किट मिळतात. केबलच्या तुलनेत त्यांची किंमत अगदीच किरकोळ असते. दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल ही माहिती आणि शक्य असेल तर तुटलेला तुकडा सोबत न्या.

बसवायची पद्धत अशी:

१. काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली केबल कुठल्या हाताला होती, क्लिप कुठल्या बाजूने होती, हे नंतर आठवत नाही.

२. एअर फिल्टरचा डबा काढा. काही गाड्यांमध्ये बॅटरीही बाजूला घ्यावी लागते. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह टोक सोडवा, लावताना ते शेवटी लावा.

३. केबलच्या टोकाची क्लिप किंवा स्प्लिट पिन काढा. टोक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू उचला. केबलवर अॅडजस्टमेंटचा भाग असेल तर त्याला अजिबात हात लावू नका.

४. जुन्या बुशचे तुकडे काढून टोक स्वच्छ पुसा. गिअरबॉक्सच्या पिनवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. खरखरीत पिन नवा बुशही कापून काढते.

५. नवा बुश पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. नायलॉन थोडं मऊ होतं आणि बुश न तडकता बसतो.

६. बुश पकडीने सगळीकडून सारखा दाबत बसवा. हातोडी वापरू नका, एका ठोक्यात बुशचे दोन तुकडे होतात.

७. आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं खनिज तेलाचं ग्रीस काही प्रकारच्या रबराला फुगवतं.

८. टोक पिनवर दाबा. गोळ्यावर बसणारा बुश असेल तर 'टक' असा आवाज येतो. क्लिप पुन्हा लावा आणि टोक हाताने ओढून बघा.

९. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर तपासा. मग चाकांना दगड तसेच ठेवून, ब्रेक आणि क्लच दाबून, इंजिन चालू करून पुन्हा तपासा. रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लागतो का, ते बघायला विसरू नका. सगळं ठीक झाल्यावरच रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारा.

लिव्हरकडच्या टोकाचा बुश गेला असेल तर गिअर बूट उचलावा लागतो. त्याची चौकट बहुधा फक्त क्लिपांवर बसलेली असते. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून ती सोडवता येते, आणि कार्डाने ओरखडेही पडत नाहीत. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅग नियंत्रित करणारा डबा याच कन्सोलखाली, गाडीच्या मध्यभागी बसवलेला असतो. पूर्ण कन्सोल काढायची वेळ आली तर बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवून काही मिनिटं थांबा, आणि तिथे ठोकाठोक करू नका. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की हात मागे घ्या, ती खूण एअरबॅगच्या वायरिंगची असते.

बिघाड तिसरा: दांडाच मोडला

हे कमी वेळा होतं. जोरात ओढाताण, जुना गंज किंवा आधीचं कच्चं वेल्डिंग ही कारणं. पुढे काय करायचं ते दांडा कशाचा आहे यावर ठरतं.

दांडा साध्या पोलादाचा असेल आणि मधेच मोडला असेल तर चांगला वेल्डर तो जोडून देतो. अट एकच, दांडा गाडीतून पूर्ण काढून न्यायचा. गाडीत बसवलेला असताना वेल्डिंग करणं म्हणजे कार्पेटला आग आणि इलेक्ट्रॉनिक्सला झटका असे दोन्ही धोके पत्करणं. जोडताना आतून किंवा बाहेरून आधाराचा तुकडा घालून घ्या, नुसता टाका पुरेसा नसतो.

खालचा गोल सांधा किंवा प्लास्टिकची बैठक मोडली असेल तर वेल्डिंग आणि चिकटवणं दोन्ही विसरा. त्या जागी प्रत्येक गिअरला जोर पडतो. इथे स्वस्त मार्ग म्हणजे वापरलेली लिव्हर असेंब्ली. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ओळखला जातो, आणि बहुतेक मोठ्या शहरांत अशी एखादी गल्ली असतेच. वापरलेला भाग घेताना लिव्हर हातात धरून सांध्यात खडखड आहे का बघा आणि पावती मागा. घासाघीस करायला तुमचा मोडका भाग हातात असलेला बरा.

रील्समधले जुगाड: कुठले चालतात, कुठले नाहीत?

*फेविक्विक आणि खाण्याचा सोडा.* हा जुगाड खोटा नाही. इन्स्टंट ग्लूवर सोडा टाकला की काही सेकंदांत दगडासारखा थर तयार होतो. पण तो कडक असतो, लवचिक नसतो. तडकलेल्या मुठीची भेग भरायला ठीक. सतत हलणाऱ्या बुशला किंवा दांड्याला मात्र निरुपयोगी, थोड्याच दिवसांत भुगा होतो.

*एम-सीलचा गोळा.* मुठीच्या आतली पोकळी भरायला उत्तम. केबलच्या टोकाला लावलात तर सांधा हलायचाच बंद होईल आणि सगळा ताण केबलवर जाईल.

*केबल टाय किंवा बाइंडिंगची तार.* सुटलेलं केबलचं टोक पिनवर बांधून जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेता येते. हळू वेग, सरळ रस्ता, कमी अंतर. "चालतंय की" म्हणून तीच तार बांधून ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात जाऊ नका. उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

*मोडक्या दांड्याला ग्रिप पक्कड.* लॉक होणारी पक्कड उरलेल्या दांड्याला घट्ट लावून गिअर टाकता येतो. तीही गॅरेजपर्यंतच.

*थ्री-डी प्रिंट केलेला बुश.* कल्पना चांगली, पण साहित्य बघा. प्रिंटिंगला सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. बॉनेटखाली एवढी उष्णता सहज असते. नायलॉनमध्ये प्रिंट केलेला असेल तरच विचार करा.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर नियम वेगळे

ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर 'पी'मध्ये अडकला म्हणजे तो तुटलाच असं नाही. ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर हलू नये म्हणून त्यात एक लॉक असतं. ब्रेक दाबून कुणालातरी मागचे लाल दिवे बघायला सांगा. दिवे लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेलेला असू शकतो, आणि म्हणून लॉक सुटत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये लिव्हरशेजारी एक छोटं झाकण असतं. त्याखालची खाच दाबून लॉक हाताने सोडवता येतं. नेमकी पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

केबलने चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये बुशचा जुगाड मात्र अजिबात करू नका. मॅन्युअलमध्ये गिअर पडला नाही तर लगेच कळतं. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर एक सांगतो आणि गिअरबॉक्स दुसरंच करतो, आणि ते कळतं ती गाडी घरंगळल्यावर. फोर्डला २९ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या त्या याच कारणाने. गाडी कुठलीही असो, उतरण्याआधी हँडब्रेक ओढायची सवय हाच यावरचा बिनखर्चाचा उपाय.

घरी करायचं की गॅरेजला द्यायचं?

मूठ, गिअर बूट, आणि हात पोहोचेल अशा जागेचा बुश: घरी करायला हरकत नाही.

केबल पूर्ण बदलणं, सळईच्या सांध्याचं काम, गाडीखाली शिरावं लागेल असं काहीही: गॅरेजला द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून काम करू नका. जॅक सरकला तर वाचायला वेळ मिळत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. आपण उघडलेल्या भागावरचा वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

गॅरेजला गेलात तर तीन गोष्टी विचारा. नेमका कुठला भाग खराब आहे, तो दाखवाल का? तो सुटा मिळतो का? आणि बदललेला जुना भाग परत मिळेल का? चांगला मेकॅनिक तिन्ही प्रश्नांची उत्तरं आनंदाने देतो. अनेकदा "सुटा बुश तुम्ही आणून द्या, बसवून देतो" असंही म्हणतो, आणि मग फक्त मजुरी द्यावी लागते.

पुन्हा तुटू नये म्हणून

गाडी चालवताना डावा हात लिव्हरवर टेकवून ठेवायची सवय अनेकांना असते. त्या वजनाचा दाब सांध्यांवर आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर सतत पडत राहतो. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर परत न्या.

क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गिअर रेटू नका. गिअर पडत नसेल तर न्यूट्रलला येऊन क्लच पुन्हा दाबा. ताकद लावल्याने गिअर पडत नाही, बुश मात्र तडकतो.

भाजीची पिशवी किंवा पर्स लिव्हरला अडकवू नका. उसाचा रस, चहा, कोल्ड्रिंक बुटावर सांडलं तर लगेच पुसा. साखरेचा पाक सांध्यात गेला की लिव्हर चिकटायला लागतो.

आणि लिव्हर अचानक तुटण्याआधी बहुतेक वेळा इशारा देतो. गिअर पूर्वीपेक्षा ढिला वाटतो, न्यूट्रलला लिव्हर जास्त डुलतो, दुसरा टाकायला जावं तर चौथा पडतो, रिव्हर्स एका फटक्यात लागत नाही. यातलं काही जाणवलं तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. रविवारी सकाळी बॉनेट उघडा, कुणाला तरी लिव्हर हलवायला बसवा आणि दोन्ही केबलची टोकं नीट बघा. बुशला बारीक चीर दिसली तर तो त्याच आठवड्यात बदलून टाका, म्हणजे भर ट्रॅफिकमध्ये गाडी ढकलायची वेळ येणार नाही.